पोराचा हात कानाला लागला नव्हता

माझ्या पोराच्या कागदावर त्याच्या वयापेक्षा एक वर्ष आणि पाच महिने जास्त आहेत. ते वाढवले मी. लोक म्हणतील जुनी गोष्ट आहे, कशाला उकरता. उकरायची हौस नाही. पण गेलं वर्षभर घरातली चार माणसं त्या एक वर्ष पाच महिन्यांत कोंडून बसली आहेत, आणि कडी माझ्या हातानं लागलेली आहे, म्हणून लिहितो.

त्या काळी आमच्या पिंगळीत पोरगं शाळेत घालायला जन्माचा दाखला कुणी मागत नव्हतं. गुरुजी पोराला समोर उभं करायचे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. नाही लागला तर पुढच्या साली या. जन्मतारीख कुणाच्याच आईबापाला सांगता यायची नाही, मग गुरुजी आपल्या मनानं एक जून लिहायचे. आजही गावात निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला येतो.

त्या दिवशी माझा चुलतभाऊ त्याच्या पोराला घेऊन गेला. ते पोरगं खरंच सहाचं होतं. त्याच्या मागं मी माझं घेऊन गेलो. माझं साडेचार वर्षांचं. अंगापिंडानं बरं होतं, पण साडेचारच.

गुरुजी म्हणाले, "हात पोचंना की रं. पुढच्या साली आण."

"पोचतोय गुरुजी. ते मान वाकडी करायलंय."

मी पोराचं कोपर वर रेटलं आणि दुसऱ्या हातानं डोकं खाली दाबलं. बोटाचं टोक कानाच्या पाळीला लागलं. पोरगं रडलं नाही. वर डोळे करून माझ्याकडं बघत राहिलं.

"लागलं का न्हाई?"

"तू लावलंस म्हणून लागलं."

"लागलं का न्हाई तेवढं सांगा."

गुरुजी हसले. "लिव्हतो बाबा. तुझ्यासंगं कोण भांडत बसंल." आणि त्यांनी एक जून लिहिला, सहा वर्षं पुरी होतील असं साल धरून.

मला तेव्हा वाटलं, मोठं काम केलं. त्याचं कारण होतं. मी तिसरीत असताना वडिलांनी एक वर्षासाठी म्हणून मला शाळेतून काढून शेतातल्या पाण्याच्या इंजिनावर बसवलं. ते एक वर्ष कधी संपलंच नाही. तेव्हापासून वर्ष वाया जाणं मला सोसत नाही. माझ्या पोराचं एक वर्षही मागं राहू देणार नाही, अशी माझी जिद्द होती. आणि खरं सांगायचं तर चुलतभावाच्या मागं राहायचं नव्हतं, हे पण होतं.

पोरगं शिकलं. परभणीला डिप्लोमा केला आणि वाळूजला एका कारखान्यात डाय मेकर म्हणून लागलं. डाय मेकर म्हणजे साचे करणारा. डब्याचं झाकण असो की गाडीचा एखादा भाग असो, आधी त्याचा लोखंडी साचा लागतो. त्या साच्यात केसाच्या बारीक हिश्श्याइतका फरक राहिला तरी सगळा माल भंगारात जातो. माझ्या पोराला तो फरक नुसतं बोट फिरवून कळतो. हे मी बाप म्हणून सांगत नाही. मी स्वतः चाळीस वर्षं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरतोय, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळतोय. स्टेशनच्या रस्त्याला माझं दुकान आहे. पेचकसाचं टोक मोटारीला लावायचं आणि मूठ कानाला. आत बेअरिंग गेलंय का तार सुटलीय, मी झाकण न उघडता सांगतो. हात कुणाचा चांगला आणि कुणाचा कच्चा, एवढं मला कळतं.

लग्न झाल्यावर त्यानं कॅनडाचं मनावर घेतलं. तिकडं साचे करणारी माणसं लागतात म्हणे. सून परभणीच्या दवाखान्यात नर्स आहे, तिलाही पटलं. मला पटलं नाही, पण मी अडवलं पण नाही. उलट दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगत सुटलो की माझं पोरगं कॅनडाला चाललंय. जायच्या आधीच सांगून ठेवलं. ही माझी दुसरी चूक.

सुनेनं एकदा मला बसवून सगळं समजावून सांगितलं.

"मामा, नोकरीचे गुण हायत, शिक्षणाचे हायत, वयाचे हायत आन् इंग्रजीचे हायत. सगळ्याची बेरीज करायची. तिकडचं सरकार थोड्या थोड्या दिवसांनी एक रेघ मारतं. रेघेच्या वरच्यांना बोलावणं येतं. खालचे बसून राहतात."

"आन् ह्याचं काम बगायला कोण येतं?"

"कुणीच न्हाई."

"साचा करून दाखव म्हणत न्हाईत?"

"न्हाई मामा. त्याचं पत्र कंपनी देती. बाकी समदं कागदावरच."

इंग्रजीच्या परीक्षेचे चार भाग. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. पोराला ऐकण्यात आठ पाहिजे होते आणि बाकी तिन्हींत सात. एवढे आले की बेरीज एकदम उडी मारते, कारण त्या चार आकड्यांमुळं शिक्षणाचे आणि कामाचे पण जादा गुण मिळतात. तो पहिल्यांदा बसला. ऐकण्यात आठ, वाचण्यात साडेसात, बोलण्यात सात. लिहिण्यात साडेसहा. सहा महिन्यांनी परत बसला. लिहिण्यात साडेसहा. तिसऱ्यांदा बसला, तेव्हा तर मीच विचारलं नाही. त्याच्या चपलांच्या आवाजावरून कळलं.

मी म्हणालो, "मग तेवढं लिहायचंच परत दे की. बाकीचं तर झालंय."

"तसं चालत न्हाई बापू. चारी भाग एकाच बैठकीतले पाहिजेत."

"आन् आधीचे आठ?"

"ते त्या कागदासंगं गेले. आन् तो कागद पण दोन वर्षांनी मरतो."

माझ्या तोंडावर शिवी आली होती. पण मी दुकानात बसून विचार केला तर मोटारीत एक कॉइल जळाली तरी मी सगळी तार सोलून मोटार नव्यानं भरतो. गिऱ्हाईक भांडतं, तेवढीच भर म्हणतं. मी ऐकत नाही. मग त्या लोकांना शिवी तरी कोणत्या तोंडानं देऊ?

चौथ्या खेपेला त्यानं नोकरी सोडली. तीन महिने घरी बसून नुसता अभ्यास करतो म्हणाला. दुकानाच्या मागं एक खोली आहे, जुन्या मोटारींची. तिथं टेबल टाकलं. मी पुढं तार गुंडाळायचो, तो मागं लिहायचा. वाळूजला त्याच्या जागेवर दुसरा माणूस घेतला असं पंधरा दिवसांत कळलं. म्हणजे आता मागं फिरायचा रस्ता पण गेला. त्याला पुढं जाता येईना, मागं जाता येईना. मी त्याच्याकडं बघायचो तर तो जुन्या मोटारींच्या मधोमध बसलेला असायचा, आणि त्यातली एक मोटार वाटायचा.

एकदा मी चहा घेऊन गेलो तर म्हणाला, "पत्र लिव्हायलोय. भाड्याच्या घरातली पाणी तापवायची टाकी बिघडली, म्हणून घरमालकाला पत्र."

"टाकी उघडून बगितलीस का?"

"बापू, टाकी न्हाई. नुसतं समजायचं की टाकी हाय."

"तू डाय मेकर हायस. उघड, बग, बसव. पत्र काय लिव्हायलास घरमालकाला?"

तो हसला. पोट धरून हसला. त्यानंतर महिनाभर तो हसल्याचं मला आठवत नाही.

बोलायच्या भागात एका विषयावर दोन मिनिटं सलग बोलायचं असतं. समोर कुणीतरी घड्याळ धरून बसायला लागतं. सून ड्यूटीवर असायची, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मोबाइलमधलं घड्याळ. मला एक शब्द कळायचा नाही. पण बोलणं कुठं अडकतं ते कळायचं, जसं मोटारीचं कळतं. त्याचं बोलणं गुळगुळीत चालायचं. लिहिणं तेवढं अडकायचं.

का अडकायचं, ते सुनेनं सांगितलं. एकदा त्याचा निबंध वाचून ती म्हणाली, "तुमी कारण सांगतच न्हाई. एकदम निकाल सांगून मोकळे होता."

"निकाल बरोबर हाय की."

"बरोबर हाय. पर का बरोबर हाय, ते दुसऱ्याला पटवायला नको का?"

मी पुढं तार मोजत होतो. मोजणी चुकली. कारण ही खोड त्यानं कुठून घेतली ते मला ठाऊक होतं. लागलं का न्हाई तेवढं सांगा.

होळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. पोरानं मोबाइलवर काहीतरी बेरीज केली आणि म्हणाला, "आता रेघेच्या तीन गुण खाली हाय मी. एक जूनला तेहतीस पुरी होतील. वयाचे अजून पाच जातील. म्हंजे आठ खाली."

तिशीनंतर दर वाढदिवसाला गुण कमी होतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

माझी बायको भाकरी वाढता वाढता थांबली. "कुणाला तेहतीस? माझ्या लेकराला गेल्या दिवाळीच्या टायमाला एकतीस पुरी झाली."

"माय, शाळेत एक जून हाय."

"शाळेत काय हाय ते ह्यांना इचार."

घासाचा हात तसाच धरून मी हिशेब केला. हिशेब मला पटकन येतो. खरं वय धरलं असतं तर पाच गुण वाढले असते. पाहिजे होते तीन. मी ताटावरून उठलो, लाईट आली, मोटारीची तपासणी करून घेतो म्हणालो आणि बाहेर पडलो. लाईट सकाळपासून गेली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं.

बायकोचं माहेर चुडावा. पहिलं बाळंतपण तिथं झालं. तिचे वडील तिथं कोतवाल होते. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे ग्रामपंचायतीला कळवायचं काम त्यांचं. त्यांनी नातवाची नोंद नक्की केली असणार, असं बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मी चुडाव्याला गेलो. कुणाला सांगितलं नाही.

ग्रामसेवक तरणा होता. जुनी वही काढायला त्यानं कुरकुर केली. मी म्हणालो, वही सापडेपर्यंत हितंच बसतो. ग्रामपंचायतीची पाण्याची मोटार आवाज करत होती. तो शोधत होता तोवर मी ती उघडून बेअरिंग साफ करून दिलं. मग तो नरमला. वही सापडली. सासऱ्यांचं अक्षर नव्हतं, पण त्यांचा अंगठा होता. दिवाळीच्या आधीची तारीख. आईचं नाव, बापाचं नाव. पोराच्या नावाची जागा कोरी. नुसतं लिहिलं होतं, मुलगा.

शिक्क्यासह नक्कल घेतली. प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत ठेवली. येताना गाडीत छातीला ती पिशवी चिकटत होती आणि मला वाटत होतं, जे मी बिघडवलं ते मीच बसवून आणलं. दुरुस्ती अशीच असावी.

घरी आल्यावर पोराच्या हातात नक्कल दिली. "हे घे. तुझी खरी तारीख. शिक्क्यासहित."

त्यानं वाचलं. परत वाचलं. मग दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "बापू, हे कुणाला दाखवलंत?"

"कुणाला न्हाई. का?"

"दाखवू नका."

"आरं, खरी हाय ती!"

"दहावीचा कागद, डिप्लोमा, आधार, पासपोर्ट, सगळ्यावर एक जून हाय. परीक्षा दिल्या त्या त्याच पासपोर्टवर. अर्ज त्याच तारखेवर हाय. आता मी ही दाखवली तर ते म्हणतील, ह्यातली खोटी कोणती? खोटं सांगितलं असं ठरलं तर काही वर्षं अर्जच करता येत न्हाई. आन् समदे कागद बदलायला बसलो तर एक जून कवाच निघून जाईल."

"पर खरी हीच हाय."

"मला ठाव हाय. खरी हाय म्हणून तर भ्या वाटायलंय."

मी खाटेवर बसलो. मग त्यानं विचारलं, "एक जून कुणी लावला?"

मी सांगितलं. गुरुजी, चुलतभाऊ, कोपर, मान, सगळं. कमी करून सांगितलं नाही. मग त्यानं उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान धरला. कान ओलांडून हात खाली खांद्यापर्यंत गेला.

"बगा," म्हणाला, "आता कसा पोचायलाय."

रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी मला भांडता येतं.

नंतर दोन दिवसांनी, सगळे जेवायला बसलेले असताना, सुनेनं विषय काढला. ती कधी आवाज चढवून बोलत नाही. पदर सारखा करून म्हणाली, "मामा, एक बोलू का? अर्ज माझ्या नावानं टाकला तर? मला अठ्ठावीस चालू हाय. वयाचा एक गुण पण जात न्हाई. नर्सिंगचं शिक्षण हाय, सहा वर्षं ड्यूटी केलीय. परीक्षा मी देते. हे माझ्या अर्जात नवरा म्हणून येतील."

"म्हंजे हा तुझा पदर धरून जाणार?"

बायको म्हणाली, "जाईना का. पदर धरून गेला काय आन् पुढं चालून गेला काय, पोचला म्हंजे झालं."

"तू गप बस. माझ्या घरातला गडी बायकोच्या कागदावर जाणार न्हाई. एवढी बारी देऊ दे त्याला. ह्या बारीला होतंय."

पोराला मनातून काय वाटलं ते मी आजवर विचारलेलं नाही. पण नाही म्हणणारा मी होतो. सुनेनं ताटं उचलली. मोरीत भांड्यांचा आवाज रोजच्यापेक्षा कमी आला, ते मला जास्त लागलं.

मेमध्ये संभाजीनगरला जाऊन त्यानं चौथ्यांदा परीक्षा दिली. निकाल आला तेव्हा तो दुकानातच होता. मी एक मोटार वार्निशमध्ये बुडवत होतो. तो ओरडला, "बापू! लिव्हण्यात सात!"

मी वार्निशच्या हातानंच बाहेर पळालो. बायकोला हाक मारली, साखर आण म्हणालो. समोरच्या टपरीवाल्याला ओरडून सांगितलं, झालं आमचं. मागं वळलो तर पोरगं बाकावर बसलं होतं. मोबाइल मांडीवर उलटा.

"काय झालं रं?"

"ऐकण्यात साडेसात."

"ते तर तुझं पक्कं होतं. दर बारीला आठ."

"एक प्रश्न हुकला. काय म्हणला काय म्हणला, ह्याचा विचार करत बसलो. तवर पुढचे दोन निघून गेले."

बायको साखरेची वाटी घेऊन दारात आली होती. तिनं आमची तोंडं बघितली आणि वाटी तशीच आत नेली. समोरचा टपरीवाला तिथून विचारत होता, "काका, पेढे कवा?" मी त्याला हात केला. काय अर्थाचा हात केला ते मलाही माहीत नाही.

आणि एक जून आलाच. सकाळपासून पोराचा फोन वाजत होता. वर्गातली पोरं, कारखान्यातली पोरं, सगळ्यांचे वाढदिवसाचे निरोप. निम्म्या गावाचा वाढदिवस, त्यामुळं सगळेच एकमेकांना देत होते. संध्याकाळी चुलतभावाचं पोरगं केक घेऊन आलं. ते आता पूर्णेला मास्तर आहे. त्याचाही एक जून.

"दोघांचा एकच कापू म्हणलं," ते म्हणालं. "एका दिवशी शाळेत, एका दिवशी जन्म!"

माझ्या पोरानं सुरी घेतली. केक कापला. मला भरवला. तो तुकडा माझ्या तोंडात फिरत राहिला. त्या दिवशी कुणी काही केलं नाही, कुणी कुठं सही केली नाही, आणि तिकडं कुठंतरी त्याचे पाच गुण आपोआप गळून गेले होते. ज्या दिवशी तो जन्मला नाही, त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्टेशनवर जाऊन बसलो. सून परभणीहून गाडीनं येते. मला बघून घाबरली. "काय झालं मामा? आत्याबाईंना बरं हाय ना?"

"बरं हाय. चल."

निम्मा रस्ता चालून झाला. मग विचारलं, "त्या अर्जाला काय काय लागतं?"

"कोणत्या?"

"तुझ्या."

ती चालता चालता थांबली. "पहिल्यांदा परीक्षा द्यावी लागती. मग बाकीचं."

"मग दे."

"तुमी न्हाई म्हणला होता."

"मी लय गोष्टी म्हणतो."

तिनं डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मग ह्यांना पण तुमीच सांगा. तुमी न्हाई म्हणला ते त्यांनी ऐकलं. आता हो म्हणलेलं पण तुमच्याच तोंडून ऐकू द्या."

माफी मागायची मला सवय नाही. घरी जाऊन मी पोराला एवढंच म्हणालो, "सूनबाई परीक्षा देणार हाय. तू तिचं घड्याळ धर."

त्यानं डोळे वर करून माझ्याकडं बघितलं. शाळेत बघितलं होतं, तसंच. मग म्हणाला, "तिचा अभ्यास मी घेतो. घड्याळ तुमीच धरा बापू. मला आता ते घड्याळ बगवत न्हाई."

आता रोज संध्याकाळी ती ड्यूटीवरून येते, तोंड धुते, आणि आम्ही दोघं दुकानाच्या बाकावर समोरासमोर बसतो. पोरगं आत एका वर्कशॉपचं किरकोळ काम करत असतं, जवळच मिळालंय. काम करता करता कान इकडं असतो. सुनेचं बोलणं मिनिटभर चांगलं चालतं, मग खरखरतं आणि थांबतं. मध्ये बोलायची मला परवानगी नाही. ती शब्द शोधत असते आणि मी आकडे पळताना बघत असतो. कधी कधी वाटतं, ती थांबली तशी थांबूनच राहावी. कारण तिला सात मिळाले तर हे बाक रिकामं होणार. नाही मिळाले तर पोरगं त्या जुन्या मोटारींच्या खोलीतच राहणार. दोन्हीकडं मीच आहे. चुडाव्याची नक्कल अजून माझ्याकडं आहे, तार मोजायच्या पट्टीच्या डब्यात. फाडायचं धाडस होत नाही आणि दाखवायची सोय नाही.

परवा तिनं विषयाचा कागद उचलला, वाचला आणि परत एकदा वाचला.

"काय आलंय?" मी विचारलं.

"न पटलेला निर्णय, मामा. जवळच्या माणसानं घेतलेला आन् आपल्याला न पटलेला. त्याच्यावर बोलायचं."

आत पोराची कानस थांबली.

"बोल," मी म्हणालो आणि घड्याळ सुरू केलं.

ती माझ्याकडं बघून बोलायला लागली. मला एक शब्द कळला नाही. पण त्या दिवशी ती कुठंच अडखळली नाही. मिनिट झालं, दीड झालं, आवाज कुठं खरखरला नाही. मध्ये एकदा तिनं उजवा हात डोक्यावरून अर्धा नेला आणि परत खाली घेतला. दोन मिनिटं झाली. घड्याळानं आवाज केला. ती थांबली.

"मामा, दोन मिनिटं झाली."

मी घड्याळ उलटं करून बाकावर ठेवलं.

"दिसलंय मला. तू बोल. अजून लय राहिलं असंल."